रिव्हर्सचे दिवे आणि आमची सुनंदा

आटपाट गाव होतं, गावाचं नाव सायखेडा. तिथं राहत होता निवृत्ती, त्याची बायको सुनंदा, त्याची आई म्हणजे मी, आणि चौथी आमची पांढरी पिकअप. घरात गाडी आली की किस्से साठतातच, गाठोड्यात चिंध्या साठतात तसे. टाकून द्यावा असा एक सापडत नाही. त्यातले हे रिव्हर्सच्या दिव्यांचे.

आधी अडचण सांगते. निवृत्तीची मान धरली, गळ्याला पट्टा आला. डॉक्टर म्हणाले, "मान वळवायची नाही." आता मान न वळवता गाडी मागं घ्यायची कशी? आणि आमचं निम्मं काम मागं घेण्याचंच! द्राक्षांच्या सीझनला मळ्यातून द्राक्षांचे कॅरेट, म्हणजे प्लास्टिकच्या पेट्या, भरायचे, पॅकहाऊसला न्यायचे आणि तिथल्या ओट्याला गाडीची पाठ लावायची. थंडीत सहालाच अंधारतं. गाडीचा स्वतःचा मागचा दिवा काजव्याएवढा. निवृत्तीनं ओटा एकदा ठोकला.

दुसऱ्यांदा ठोकला तो लोकांमुळं. गाडी मागं यायला लागली की आपल्याकडं जो तो हात हलवायला धावतो. एक म्हणाला, "डावी मार!" दुसरा म्हणाला, "उजवी काट!" तिसरा गाडीच्या हौद्यावर थापा मारत, "येऊ दे, येऊ दे, लय जागा हाय!" निवृत्तीनं कुणाला नाराज केलं नाही, तिघांचंही ऐकलं. धाड! ओट्याचा कोपरा उडाला.

"लय जागा हाय"वाला म्हणतो कसा, "मघाशी व्हती!"

मॅनेजरसाहेब बाहेर आले. "निवृत्तीभाऊ, आता तिसऱ्यांदा ठोकली तर दुसऱ्या दिवसापासून दुसरी गाडी."

वर्षाची सगळी भिस्त त्या कामावर. ते गेलं असतं तर गाडी अंगणात उभी, कोंबड्यांना बसायला! म्हणून ठरलं, मागं दोन जादा दिवे बसवायचे.

*

दिवे आणले, पण वायरमन रफिकभाई भाचीच्या लग्नाला गेलेले. निवृत्तीला दम कुठला? स्वतःच गाडीखाली झोपला. निळ्या वायरीला निळी जोडली, लालला लाल. रंग जुळले म्हणजे सोयरीक जुळली, असा त्याचा हिशोब. दिवे पेटले, मी नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी इंदिरानगरला लेकीकडं द्राक्षं द्यायला निघालो. मी पुढं बसलेली. निवृत्तीनं ब्रेक दाबला की मागचे लोक हॉर्न मारायचे. मी म्हटलं, "शहराचे लोक, घाई असते." सिग्नलला एक मोटरसायकलवाला डोळे चोळत खिडकीशी आला.

"दादा, ब्रेक मारताय का माझा एक्सरे काढताय?"

दिवे ब्रेकला जोडले गेले होते! परत येईपर्यंत निवृत्तीनं ब्रेक इतका जपून मारला, की सगळा रस्ता मी देवाचं नाव घेतलं. रफिकभाईंनी आल्यावर वायरी बघितल्या आणि एवढंच बोलले, "निवृत्तीभाऊ, मी तुमच्या बागेत छाटणी करायला येतो का?"

*

दिवे रिव्हर्सलाच पेटायला लागले. असा लख्ख उजेड, की गल्लीत सांडलेली सुई सापडावी. मी म्हटलं, नवे दिवे, नजर लागायची. मागच्या बाजूला एक जुना जोडा बांध. निवृत्तीनं बांधला, नेमका दिव्यासमोर.

आमच्या दारासमोर दगूनानांची भिंत. त्यांनी नुकताच चुना दिलेला. चौथ्या दिवशी नाना दारात उभे.

"काकू, आमचं काय चुकलं ते तोंडानं सांगा. रोज दिवेलागणीला भिंतीवर जोडा दाखवायचा, ही काय रीत झाली?"

मी जाऊन बघितलं. गाडी अंगणातून मागं बाहेर निघतेय आणि नानांच्या पांढऱ्या भिंतीवर म्हशीएवढ्या जोड्याची सावली!

"नाना, तो गाडीला बांधलाय हो, तुम्हाला नाय."

"मग दिसतो कुणाला?"

जोडा काढला, लिंबू-मिरच्या बांधल्या. नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "काकू, आता मिरच्या दिसतात."

"मग?"

"मिरच्या चालतील."

*

एवढं करून गाडं अडलं ते अडलंच. उजेड मागं पडत होता, पण बघणारे डोळे पुढंच! आरशात बघावं तर पट्ट्यामुळं आरसाही अर्धाच दिसे. पॅकहाऊसला निवृत्ती ओट्यापासून दहा हात लांब गाडी लावायचा आणि मजूर कुरकुरत कॅरेट वाहायचे. मॅनेजरसाहेब घड्याळ बघायचे.

एक दिवस सुनंदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तुम्ही पुढं चालवा. मागं मी घेते."

निवृत्ती हसला. "तुला पुढं तरी येते का?"

"पुढं तुम्ही हायेत ना."

मला ते पटलं. ज्याची गरज तेवढंच शिकावं. मीही सही तेवढी शिकले, बाकीची अक्षरं लागली नाहीत.

रोज संध्याकाळी सुनंदा अंगणात रांगोळीच्या दोन रेघा ओढायची. गाडीच्या रुंदीला दोन्हीकडं चार-चार बोटं जास्त, बस्स. नव्या दिव्यांच्या उजेडात रेघा दुधासारख्या दिसायच्या. त्यांच्या मधून मान वळवून गाडी मागं. रेघ पुसली की पुन्हा रांगोळी. तपासायला मी काठी घेऊन उभी. पहिल्या आठवड्यात रांगोळी लय लागली. तिसऱ्यात पहिल्या दिवशीची रेघ शेवटच्या दिवसापर्यंत टिकली, ती कोंबडीनं पुसली.

*

पॅकहाऊसच्या आवारात गाडी आली की निवृत्ती उतरायचा, सुनंदा पदर खोचून बसायची. बाकीचे ड्रायव्हर चहा सोडून बघायचे.

"निवृत्तीभाऊ, गाडीची वाटणी झाली का रे? तोंड तुझं, पाठ वहिनीची?"

तिघं पुन्हा धावले हात हलवायला. "येऊ द्या वहिनी, येऊ द्या!"

सुनंदानं काच खाली केली. "भाऊ, तुम्ही तेवढं उजेडातून बाजूला व्हा."

गाडी ओट्यापासून चार बोटांवर थांबली. मॅनेजरसाहेबांनी मध्ये हात घालून बघितला. कहाणीत सांगतात ना, उतू नये, मातू नये. तिथं त्या दिवसापासून आणखी एक ठरलं, वहिनी गाडी मागं घेताना कुणी बोलू नये.

*

मग लायसन काढायचं ठरलं. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "पुढं चला." गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा बेडकासारखी उडाली. साहेब म्हणाले, "राहू द्या. आता रिव्हर्स." सुनंदानं दोन खांबांमधून गाडी अशी काढली, जशी सुईतून दोरा.

साहेब कागद धरून बसून राहिले. "बाई, लोक मागं येताना नापास होतात. तुम्ही पुढं जाताना झालात!"

दुसऱ्या खेपेला पास झाली.

*

आता शेवटचा. पॅकहाऊसचा रस्ता पाटाच्या कडेनं जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला बागेचं तारेचं कुंपण, मध्ये एकच गाडी मावेल एवढी वाट. सीझन भर रंगात, दिवस मावळलेला, आणि सगळ्यात पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा आस मोडला. त्याच्यामागं सहा पिकअप, सगळ्यांत माल. सहावी आमची.

पुढं जाता येईना, वळता येईना. कुणीतरी मागं घ्यायला गेला, तर त्याचं चाक पाटात घसरता घसरता राहिलं. मॅनेजरसाहेबांचा फोनवर फोन. माल तापला तर सगळाच परत!

सुनंदानं आमची गाडी थेट फाट्यापर्यंत मागं नेली. तिथं वळवून मागचे दिवे वाटेवर पडतील अशी बाजूला उभी केली, दिवे पेटते राहावेत म्हणून रिव्हर्स गिअर टाकून निवृत्तीला आत बसवलं आणि चालत परत गेली. पाचव्या गाडीच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, उतरा."

तो उतरला, सुनंदानं त्याची गाडी फाट्यापर्यंत मागं नेली. मग चौथा, मग तिसरा. पहिला ड्रायव्हर तोच, "लय जागा हाय"वाला. चावी देताना म्हणाला, "वहिनी, जागा लय कमी हाय हो."

"मला दिसते ना," ती म्हणाली.

दुसऱ्या वाटेनं सहाही गाड्या पॅकहाऊसला पोचल्या. मॅनेजरसाहेब फाटकात उभे होते. सुनंदाला म्हणाले, "वहिनी, पुढच्या सीझनला दोन गाड्या लावा. दुसरी तुमची."

दसऱ्याला नवी पिकअप आली. सगळी गल्ली जमली, दगूनाना नवा सदरा घालून आले. मी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी. कोपऱ्यावरून सुनंदानं गाडी गल्लीत घातली आणि माझ्यापासून चार बोटांवर आणून उभी केली.

मी कुंकू लावलं ते मागच्या दिव्यांना.