ज्यूसचे तीन राउंड

"ज्यूस चांगला म्हना, मॅडम. तेवढंच म्हना. बाकी काही बोलू नका."

असोदा गावच्या अक्का नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून एकट्याच माझ्या केबिनमध्ये घुसल्या होत्या. पदर खोचलेला, घाम निथळतोय. मे महिना, जळगाव, त्यात माझ्या केबिनचा कूलर बंद.

"अक्का, आधी बसा. झालं काय?"

"रिपोर्ट आला. साखर वाढली. आता हे म्हनतात, बिअर होती तव्हा साखर कमी होती, ज्यूसनं वाढली. पुन्हा सुरू करतो म्हनतात. मी किती मरमर केली ती सोडवाले, तुमाले काय सांगू! पोळ्याच्या सणाले सोडली त्याहीनं. तुम्ही ज्यूसले वाईट म्हनलं का झालं, आज संध्याकाळीच बाटली उघडीन हा मानूस."

मी डाएटिशियन आहे. लोकांना वाटतं मी लोकांच्या पोळ्या मोजते. खरं काम वेगळंच. नवरा-बायकोचं भांडण घरातून उठून माझ्या टेबलावर येतं आणि दोघांनाही माझ्याकडून आपल्या बाजूची चिठ्ठी हवी असते.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. आमचे फिजिशियन सर.

"मॅडम, असोद्याच्या भाऊंचा एचबीएवनसी दहाच्या वर गेलाय." म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. औषध घेणाऱ्या माणसाची ती सातच्या आसपास असली की आम्ही खूश असतो. भाऊंची आधी तेवढीच होती. "ते मला विचारतायत, बिअर चालू करू का. तुम्ही सांभाळा."

"खरं सांगू ना, सर?"

"अर्थात खरंच सांगा. पण बिअरला चांगलं म्हणू नका."

"आणि ज्यूसला?"

"ज्यूसला... बघा तुम्ही. बाहेर गर्दी आहे."

फोन ठेवला. झालं कल्याण! बायकोला हवं खोटं, साहेबांना हवं अर्धं खरं, आणि तोंड वापरायचं माझं.

भाऊ आत आले. केळीचे बागायतदार, पन्नाशी ओलांडलेले, पांढराशुभ्र शर्ट, कोर्टात केस जिंकायला आल्यासारखा चेहरा. बसायच्या आधीच मोबाइल माझ्यासमोर धरला. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तक्ता. एका बाजूला बिअरचा ग्लास, दुसऱ्या बाजूला संत्र्याच्या ज्यूसचा. बिअरच्या खाली साखर जवळजवळ शून्य, ज्यूसच्या खाली भरपूर.

"मॅडम, एकच सांगा. हे खरं का खोटं?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांनी अक्षरशः हात जोडत होत्या.

मला इतका राग आला! त्या तक्त्याचा आला, तो पाठवणाऱ्याचा आला आणि 'बघा तुम्ही' म्हणणाऱ्या सरांचाही आला. कारण तक्ता खोटा नव्हता. खोटा असता तर पाच मिनिटांत सुटले असते.

"साखरेपुरतं खरं आहे," मी म्हटलं.

"घ्या!" भाऊंनी मांडीवर थाप मारली. अक्कांचा चेहरा उतरला. त्यांनी पर्स उघडली आणि उगाचच परत बंद केली.

"थांबा, भाऊ. आता मी विचारते, तुम्ही सांगा. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं-प्यालं?"

याला आमच्या धंद्यात चोवीस तासांचा रिकॉल म्हणतात. नाव मोठं आहे, पण प्रश्न एवढाच. आणि या प्रश्नाला आजवर एकाही पेशंटने पहिल्या फटक्यात पूर्ण उत्तर दिलेलं नाही.

सकाळी अक्कांनी काढलेला मोसंबीचा ज्यूस, मोठा पेला. त्यात साखर? "मोसंबी आंबट निघाली तं दोन चमचे," अक्का पुटपुटल्या. दिवसा दोन घरी जाणं झालं. भाऊंनी सोडली हे गावभर माहीत, त्यामुळे कौतुकाने कुणी चहा देत नाही, थंडगार आंब्याच्या ज्यूसचा डबा फोडतात. नाही म्हणायचं कसं, माणसाला वाईट वाटतं.

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी जरा फिरायले जातो."

"कुठे?"

"इथंच. हायवेकडे."

"ढाब्यावर?"

भाऊंनी शर्टाची कॉलर नीट केली. मग म्हणाले, "मित्र आहेत, मॅडम. बिअर सोडली, मित्र थोडेच सोडले? मी ज्यूसच घेतो. आईशप्पथ."

"किती?"

"ते जितके राउंड घेतात तितके. ते पेतात आन् मी काय नुसता तोंडाकडे पाहात बसू?"

"ग्लास कोणता?"

"तोच. बिअरचा."

मी डोक्याला हात लावला. तोच ढाबा, तीच खुर्ची, तोच ग्लास, तीन-तीन राउंड, सोबत शेव आणि तळलेले शेंगदाणे. आणि घरी बायको निर्धास्त.

"मलेच सांगून जातात," अक्का म्हणाल्या. "ज्यूसच तं आहे म्हनलं. जाऊ दे."

मग मी टेबलावरची पाण्याची बाटली पुढे ओढली आणि समजावायला लागले. बिअरची मोठी बाटली साडेसहाशे मिलीची. तेवढाच ज्यूस घेतला तर उष्मांक, म्हणजे कॅलरी, जवळजवळ सारख्याच. फरक एवढाच, की त्या येतात कुठून. ज्यूसमध्ये त्या साखरेतून येतात. तेवढ्या ज्यूसमध्ये बारा-तेरा चमचे साखर असते, मग ती फळाची का असेना. बिअरमध्ये मुख्यतः अल्कोहोलमधून येतात. थोडी जीवनसत्त्वं दोन्हीकडे असतात, पण त्यासाठी कुणी ढाब्यावर जात नाही. अख्खी मोसंबी खाल्ली तर एकातच पोट भरतं. पिळली की पाच मोसंब्या दोन घोटात जातात आणि चोथा गुरांना.

"म्हनजे बिअरच बरी," भाऊ म्हणाले.

माणूस ऐकतो काय आणि उचलतो काय! मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण आवाज चढलाच.

"भाऊ, तुम्ही बिअर का सोडली?"

"गाडीवरून पडलो म्हनून. हिनं शप्पथ घातली."

"पडलात त्या दिवशी किती घेतली होती?"

"दोन बाटल्या. रोजच्याएवढीच. चढली नव्हती, मॅडम. कोनी मानत नही, पन नव्हती चढली. एकदम घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली."

"साखरेची गोळी घेतली होती?"

"हो. गोळी मी चुकवत नही."

"आणि जेवण?"

"जेवन घरी येऊन करनार होतो."

मी पेन खाली ठेवलं. अक्कांना कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळलं होतं.

मी सावकाश सांगितलं. पोट रिकामं असलं की लिव्हर रक्तात साखर सोडत राहतं. दारू आत गेली की ते दारू निपटायच्या मागे लागतं आणि हे काम मागे पडतं. त्यात साखर उतरवणारी गोळी. साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, अंधारी. त्या रात्री कुणी साखर तपासली नाही, म्हणून छातीठोक सांगता येणार नाही. पण लक्षणं तीच.

"तुमचा रिपोर्ट सात होता ना? त्या सातात अशा साखर पडायच्या वेळाही मोजलेल्या असतील. साखर उतरत होती, भाऊ, आणि तुम्ही गाडी चालवत होता. त्या दिवशी मागून ट्रक आला असता तर हा रिपोर्ट दाखवायला कोण आलं असतं?"

अक्कांनी तोंडाला पदर लावला. "मी याहीले बेवडा म्हनली," त्या म्हणाल्या. "भर चौकात. सगळ्याहीसमोर."

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. तक्ता दाखवणारा मोबाइल त्यांनी खिशात घातला.

"मंग ढाब्यावर मी काय पिऊ?" त्यांनी विचारलं. आवाजात आता कोर्टकचेरी नव्हती.

"ताक प्या. लिंबूपाणी प्या, साखर न घालता. हवे तितके राउंड."

तीन महिन्यांनी भाऊंचा रिपोर्ट साडेसातवर आला. बिअर बंद, ज्यूस बंद. सरांनी मला फोन केला. मला वाटलं, कौतुक करतील.

"मॅडम, तुम्ही असोद्यात काय सांगितलंत? तिकडचा तिसरा पेशंट विचारतोय, तुमच्या मॅडम म्हणतात ज्यूसपेक्षा बिअर बरी."

कपाळ माझं! तासभर घसा फोडला आणि गावात पोचलं ते एवढंच.

त्याच आठवड्यात भाऊ स्वतः आले. एकटे नाही, ढाब्यावरच्या मित्राला, वसंताला, दंडाला धरून. वसंतालाही साखर, तोही गोळी घेणारा. वसंता बसला आणि हसत म्हणाला, "मॅडम, ज्यूसपेक्षा बिअर बरी ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊच बोलले.

"वसंता, मी त्या दिवशी पडलो ना, ते पिऊन नही. साखर उतरून पडलो. आन् तू मले उचललं तव्हा काय पाजलं, आठवतं?"

"ज्यूस," वसंता म्हणाला. "तुमी ढाब्यासमोरच पडले, घामानं थबथबले होते. ढाब्यावाल्यानं आनून दिला."

"त्यानंच वाचलो मी."

हे मलाही माहीत नव्हतं. म्हणजे ज्या ज्यूसला मी तीन महिने झोडपत होते, त्याने एकदा या माणसाचा जीव वाचवला होता. आता हे गावात कुठल्या रूपात पोचणार, या विचारानेच माझं डोकं दुखायला लागलं.

कशात काय पोषण हा हिशोब मला तोंडपाठ आहे, कधीही विचारा. पण तो पेल्याचा हिशोब असतो, आणि माझ्यासमोर पेला कधीच येत नाही, माणूस येतो.

मी खुर्ची पुढे ओढली. "वसंतभाऊ, काल सकाळपासून सांगा. काय काय प्यालात?"

"काही नही, मॅडम," वसंता म्हणाला. "नुसता चहा."

भाऊ मोठ्याने हसले.