बरोबर कोणी म्हणायचं?

पहिलीच्या बाईंचा आवाज पहाडी होता आणि कपाळावर कायम खडूचा पट्टा असायचा, कारण विचार करताना त्या कपाळ चोळत. बेरजा शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. पोरं कुठे अडखळणार हे आपल्याला तोंडपाठ आहे, असा त्यांचा समज होता. तो भिंगरीने मोडला.

भिंगरी म्हणजे पहिल्या बाकावरची, एका जागी न टिकणारी मुलगी. तिच्या पाटीवरची उत्तरं अचूक असत, पण बेरीज आणि उत्तर यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा. 'बरोबर'च्या त्या दोन आडव्या रेघा ती काही केल्या काढीना. बाईंनी दटावून पाहिलं, शेवटी जवळ बसवून कारण विचारलं.

"ते 'बरोबर' तुम्ही म्हणायचं असतं ना," भिंगरी म्हणाली. "मीच कसं लिहू? आगाऊपणा होईल."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी सगळा वर्ग चाचपून पाहिला. फळ्यावर आठ अधिक चार, दोन रेघा, रिकामी चौकट आणि अधिक पाच असं लिहिलं. झाडून सगळ्यांनी चौकटीत बारा घातले. मग ते पाच कशाला, तर ते पुढच्या गणिताचे, चुकून आधी आलेत, असं पोरांनी ठामपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दाढी करत बसलेल्या नवऱ्याला तेच विचारलं. तोही बारा म्हणाला, आणि चहाविनाच कामावर गेला.

शाळेत बाईंनी दोन गट करून मणी वाटले. एका गटाला आठ आणि वर चार, दुसऱ्याला नुसते पाच. एकच गलका झाला. भांडण मिटायला आणखी किती हवेत, असं विचारताच दुसऱ्या गटाने सात मोजून घेतले.

"या रेघांचं काम एवढंच," बाई म्हणाल्या. "इकडे तिकडे सारखं."

पोरांनी ते मनावर घेतलं, जरा जास्तच. आठवड्याने मुख्याध्यापक आले तेव्हा वर्ग खणखणीत वाचत होता, "पाच अधिक दोन, भांडण नाही, सात." सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. पुस्तकातलाच शब्द शिकवा, एवढं सांगून ते गेले, पण दाराबाहेर त्यांचे खांदे हलताना बाईंना दिसले.

हळूहळू 'बरोबर' रुळलं. भिंगरीही रेघा काढू लागली. मग एकदा बाईंनी सात बरोबर सात लिहिलं. भिंगरी फळ्याकडे टक लावून बसली.

"बाई, यांच्यात तर भांडण झालंच नव्हतं. मग रेघा कशाला?"

बाई खडूच्या हाताने कपाळ चोळू लागल्या. मधल्या सुट्टीची घंटा त्यांना इतकी गोड कधीच वाटली नव्हती.