टेबलावरचा वाघ

मी गाव सोडलं त्या पहाटे मला फाट्यापर्यंत सोडायला अर्धा मोहल्ला आला होता. प्रेमाने आला होता हे खरं, पण त्या भागात वाघही फिरत होता. कोणी टिनाचा डबा वाजवत होतं, बाबा टॉर्च मारत होते, आणि सर्वांत पुढे काठी घेऊन माझा चुलतभाऊ सुनील. त्याची आई, म्हणजे माझी मोठी माय, आदल्या वर्षी मोहफुलं वेचायला गेली होती. तिथेच तिला वाघाने नेलं. तरी पुढे तोच चालत होता. बल्लारपूरची बस आली तेव्हा म्हणाला, "जहाजावर वाघ नाई येत. आरामात झोपत जाय."

क्रूझवर मी असिस्टंट वेटर आहे. बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो, त्यामुळे गेस्ट विचारतातच, इंडियात कुठे? चंद्रपूर म्हटलं की चेहरे कोरे. आमच्या सावली तालुक्याचं तर विचारूच नका. एकदा सहज म्हणालो, आमच्याकडे वाघ आहेत. अख्खं टेबल काटे-चमचे ठेवून माझ्याकडे बघू लागलं. माझं बोलणं इतकं लक्ष देऊन आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मी पाघळलो.

मग गोष्ट वाढत गेली. आधी नुसते पायाचे ठसे, मग डरकाळी, मग मोठी माय. सूपचे बाऊल मांडता मांडता मी 'माय आंट' म्हणून सुरुवात करायचो. टोपली कुठे पडली होती, लुगडं कशाला अडकलं होतं, सगळं सांगायचो. पंजा दाखवायला बोटं वाकवायचो. हेड वेटर स्वतः गेस्टना म्हणायचा, याची टायगर स्टोरी ऐकाच. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना कळेल, परक्या ठिकाणी आपल्याजवळचं काय खपतं ते लवकर समजतं. मला तर कितीतरी दिवस लाजही वाटली नाही.

कोणा गेस्टने व्हिडिओ टाकला आणि फिरत फिरत तो गावात पोचला. सुनीलच्या मुलीने बापाला इंग्रजीचा अर्थ सांगितला. मग माझ्या आईचा फोन आला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "सुनीलनं पायलं," ती म्हणाली. "एवढंच म्हणे, माह्या मायचं नाव तरी सांगाले पायजे होतं त्यानं."

त्याच संध्याकाळी नव्या टेबलाने वाघाचं विचारलं. नाही म्हणता आलं असतं. मी गोष्ट सांगितली, आणि या वेळी नाव घेतलं, पारबताबाई. वाटलं, एवढ्याने भागेल. गोष्ट आणखीच रंगली. एका बाईंनी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, डोळे पुसले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीने वाकून थँक यू म्हणालो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

आता कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. आम्ही बाहेर पडलेले सगळेच घर घर करत असतो, आईच्या हातचं जेवण, अंगण वगैरे. माझ्यापुरतं घर म्हणजे आता सुनीलची ओसरी. गेल्यावर तिथे बसावं लागेल. तो चहा देईल, तब्येतीचं विचारील, जहाजाचं विचारील. वाघाचं विचारणार नाही.