मार्कीसांची चावी

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मोन्तेसेकोच्या चर्चमध्ये पवित्र भाकरीचं कपाट बंद होतं, आणि चावी शुक्रवारच्या प्रार्थनेपर्यंत गावच्या मार्कीसच्या, म्हणजे पिढीजात सरदाराच्या, गळ्यात राहते. ती गळ्यात असताना वेस ओलांडायची नाही. पण म्हातारे मार्कीस वारले आणि किताब थोरल्या मुलाच्या मुलीचा की धाकट्याच्या मुलाचा, यावरून कोर्टात जुंपली. चावी गळ्यात घातलेला फोटोसुद्धा हक्काचा पुरावा ठरू लागला. शेवटी बिशपांनी लिहून पाठवलं: निकाल लागेपर्यंत चावी घंटा वाजवणाऱ्या सातुरिओने घालावी.

त्या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. सातुरिओला मिळाला तो मानेवर साखळीचा वळ.

यंदा बुधवारी सारागोसाच्या इस्पितळातून थोरल्या बहिणीचा, बासिलिसाचा फोन आला.

"सातू, या खेपेला ये रे. पुढच्या खेपेची खात्री नाही माझी."

आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याला जायचंच होतं. पाद्री म्हणाले, "दोघांपैकी कुणी चावी घेत असेल, तर माझी ना नाही."

तो आधी थोरल्याच्या मुलीकडे, डोन्या लेओकादियांकडे गेला.

"बाईसाहेब, एका दिवसापुरती घाला. बहीण शेवटच्या घटका मोजतेय."

"तात्पुरती घेतली तर ती हक्काची नव्हती असं होईल, सातुरिओ. हक्काची म्हणून देता?"

"मी कोण देणारा, बाईसाहेब?"

"मग राहू द्या."

त्यांचे चुलतभाऊ डॉन इनिगो यांनी निदान बसायला खुर्ची दिली. "आधी तिच्याकडे जाऊन आलात ना? तिने नाकारलेली मी घेऊ?"

सातुरिओ वाद घालत बसला नाही. भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि तो कधीच संपला होता. गुरुवारी साखळी पुन्हा त्याच्याच गळ्यात पडली. शुक्रवारी दुपारी बासिलिसा गेली. तो शनिवारच्या पहिल्या बसने पोचला.

सोमवारी दफनाच्या वेळी दोन भलीमोठी पुष्पचक्रं आली. दोन्हींवर एकच मजकूर: मोन्तेसेकोच्या मार्कीसकडून.

"काका, पुढे कुठलं ठेवू?" दफनाची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने विचारलं.

"दोन्ही फाटकाबाहेर ठेव," सातुरिओ म्हणाला.

एवढं म्हणायला त्याला काहीच जोर लागला नाही. बुधवारीही लागला नसता. चावी पाद्रींच्या टेबलावर ठेवायची आणि बस पकडायची, एवढंच तर होतं.