गरम करून मोज

दुकानावर पाटी दादाची आणि दुकानातलं डोकं ताईचं, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. फक्त दादाला कुणी सांगितलं नव्हतं. बावन्न वर्षांची ही बाई गेली तीस वर्षं मागच्या टेबलाशी बसून पंख्यांपासून पंपांपर्यंत सगळ्यांच्या मोटारी दुरुस्त करत आली होती. मीटर सदा गळ्यात अडकवलेला, म्हणून गिऱ्हाइकं तिला मीटरताई म्हणत. पाठीमागे तिखट जिभेची म्हणत तेही तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला बरंच वाटायचं. लग्न केलं नाही. का, ते विचारायची सोय नव्हती.

वडिलांनी काम शिकवलं ते दादाला. ही शेजारी उभी राहून शिकली. कपॅसिटर म्हणजे मोटारीला जोर देणारा डबीएवढा भाग. त्यात वीज साठून राहते, म्हणून मोजण्याआधी ती उतरवायची, नाहीतर मीटरची राख होते. दादाने असे दोन मीटर जाळले होते, ताईने एकही नाही. तरी आलेला प्रत्येक जण तिला ओलांडून विचारायचा, "साहेब आहेत का?"

त्या मंगळवारी निवृत्त पोस्टमनकाका तेच मशीन घेऊन तिसऱ्यांदा आले. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं ते मशीन त्यांच्या बायकोचं होतं. काकूंची फुप्फुसं थकलेली. मशीन तासभर चालायचं, मग घरघरून बंद पडायचं, आणि काकूंचे ओठ निळे पडायचे. मग त्यांना शेजाऱ्यांकडच्या छोट्या सिलिंडरवर ठेवून काका गाडी करून इथे यायचे. दादा झाकण काढून कपॅसिटर मोजायचा. त्याच्या अंगावर क्षमता पंधरा लिहिलेली, मीटरवर चौदा पूर्णांक आठ. की झालं, होता तसा परत लावून द्यायचा, वर चूक काकूंचीच म्हणायचा.

आजही चौदा पूर्णांक आठच आले.

"काका, मशीन ठणठणीत आहे," दादा हात पुसत म्हणाला. "काकूच काहीतरी चुकीचं करतात बघा. बटण अर्धवट दाबत असतील, नाहीतर नळी मुडपून ठेवत असतील."

"तिने तर बटणाला हात लावणंच सोडलंय हो," काका खाली बघत म्हणाले. "मीही ओरडलो तिच्यावर. दोनदा."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या खेपेलाच तिला कळलं होतं. तासभर चालून मशीन तापतं, तेव्हा बंद पडतं. इथे येईपर्यंत गार होतं, आणि हा शहाणा ते गार झालेलं मोजतो! तेव्हा ती म्हणालीही होती, "दादा, गरम करून मोज." तो हसला होता. "आता मीटरला ताप येतो का तेही बघू?" दुकानातले चार लोकही हसले होते, आणि ही, जिच्या जिभेला सगळा बाजार टरकून असायचा, ती गप्प बसली होती. भाऊ आहे, चारचौघांत कशाला, म्हणून. त्या गप्प बसण्याची तिला आता शिसारी आली.

तिने दादाच्या हातातून कपॅसिटर अक्षरशः हिसकावला.

"अगं, काय करतेस? गिऱ्हाईक उभं आहे!"

"उभं आहे म्हणूनच करतेय."

ओली सर्किटं वाळवायचा ड्रायर तिने खणातून काढला, कपॅसिटर मीटरला जोडला आणि गरम हवेचा झोत त्यावर धरला. दुकानात आणखी तिघे होते. तिने आकडे मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"चौदा आठ. चौदा पाच." मिनिटभर काहीच नाही. दादा छद्मी हसला. "तेरा. बारा दोन." तो हसायचा थांबला. "अकरा. नऊ."

"एवढा भाजल्यावर कुठलाही पडेल!" दादा म्हणाला.

तिने फळीवरचा नवा कोरा कपॅसिटर घेतला आणि तितकाच वेळ, तितकाच भाजला. चौदा नऊ. आकडा हललासुद्धा नाही. तिने मीटर दादाच्या नाकासमोर धरला.

"बरं बरं, बदलून देतो," दादा पुटपुटला.

"बदलायला मला येतं. काका, काकूंना फोन लावा. हा बोलणार आहे."

"त्याची काय गरज आहे?"

"तीन वेळा चारचौघांत त्यांचं नाव घेतलंस ना? मग आताही चारचौघांत घे."

काकांनी फोन लावून टेबलावर ठेवला. दादाने घसा खाकरला, ताईकडे पाहिलं, तिने डोळे वटारलेलेच होते. "काकू... मशीनचा कपॅसिटर खराब होता. तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं. तपासण्यात माझं चुकलं."

पलीकडे नुसता धापेचा आवाज. मग काकू म्हणाल्या, "म्हणजे मी बिघडवत नव्हते?"

"नाही, काकू."

"मग आता दुपारी हे बाहेर गेले तरी मी मशीन लावू का? यांच्या माघारी बिघडलं तर काय, म्हणून मी मशीन न लावता नुसतीच बसून राहायचे. यांना सांगितलं नव्हतं."

काकांनी टेबलाची कड धरली. दादाचा राग ताईला आला होताच, पण त्या क्षणी स्वतःचा त्याच्या दुप्पट आला. गेल्या खेपेनंतर किती दुपारी झाल्या, ते तिला न मोजताच कळत होतं.

"लावायचं, काकू," ती म्हणाली. "मी स्वतः घेऊन येतेय."