आखणीवाल्या बाईंची साक्ष

ती घटना आठवली की हातातलं काम आजही माझ्याकडून आपोआप बाजूला ठेवलं जातं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकंही फोडून घेतलं. पण माणसाच्या नजरेत काय ताकद असते हे मला ज्या प्रकरणानं दाखवलं, ते तसं पाहिलं तर साध्या मंगळसूत्र चोरीचं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेण ठाण्याचा निरीक्षक होतो. गणपतीचे दिवस जवळ आले होते, गावातले आणि आजूबाजूचे सगळे कारखाने मूर्तींनी भरले होते आणि खरेदीसाठी लांबलांबून माणसं येत होती. माझ्या खोलीत भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर दर महिन्याचे गुन्हे खडूनं लिहिलेले असत: घरफोडी, दुखापत, जबरी चोरी. अलिबागला आढावा बैठक असली की त्या फळ्यावरचे आकडे घेऊन जायचं आणि मागच्या वर्षीपेक्षा कमी असतील तर मान वर करून बसायचं, असा शिरस्ता होता. मी बहुतेक वेळा मान वर करूनच बसत असे. याचा मला अभिमान होता, आणि तो अभिमान कसला होता हेही आता सांगून टाकतो.

गावातल्या एका आळीत एका आजीबाईंच्या गळ्यातली पोत भरदिवसा मोटारसायकलवाल्यानं ओढली. आमच्या ठाणे अंमलदारानं ती 'गहाळ' म्हणून नोंदवली. मला कळलं, मी गप्प राहिलो. फळ्यावर खडू लागला नाही. पंधरवड्यानं त्याच आळीत एका शिक्षिकेचं मंगळसूत्र गेलं. ते मात्र जबरी चोरी म्हणूनच लिहावं लागलं, कारण बाई व्याकरण तपासून सही करणाऱ्या होत्या. दोघींनीही गाडीचा नंबर सांगितला होता. पण दोघींनी वेगवेगळा सांगितला, आणि एकाही नंबरची मोटारसायकल आम्हाला सापडेना. "घाबरलेल्या माणसाला आकडे दिसत नाहीत," असं मी हवालदारांना मोठ्या ज्ञानी चेहऱ्यानं समजावलं.

तिसरी चोरी रविवारी सकाळी त्याच आळीत झाली. जवळच्या जोहे गावच्या एक बाई रंग आणि कुंचले घ्यायला पेणला आल्या होत्या. एका कारखान्यात त्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत. आमच्या भागात मूर्ती घडवणारे पुष्कळ आहेत, रंग देणारे त्याहून जास्त, पण डोळे आखणारा हात मोजक्यांचाच. बाई पन्नाशीच्या, सडसडीत, मंगळसूत्र ओढल्यानं गळ्यावर ओरखडा उठलेला. मी रजिस्टरमध्ये लिहीत होतो, त्या सांगत होत्या.

"गाडीचा नंबर?"

त्यांनी सांगितला. अर्थात तिसराच.

"चेहरा पाहिला?"

"रुमाल व्हता तोंडावर. डोले बगितले."

"डोळे सगळ्यांनाच असतात, बाई," मी मान खाली घालूनच म्हणालो. हवालदार हसले. बाई हसल्या नाहीत.

हे चाललं होतं तेवढ्यात बाहेर गलका झाला. त्याच आळीतल्या लोकांनी एका तरुणाला धरून आणलं होतं. ओठ फुटलेला, शर्ट फाटलेला. काळी मोटारसायकल, गळ्यात रुमाल, आणि अर्ध्या तासात आळीत तीन फेऱ्या मारलेल्या. मुलगा रोह्याकडचा, धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. झडतीत काही मिळालं नाही. लोक म्हणाले, माल साथीदाराकडे दिला असेल. त्याच्या गाडीचा नंबर तिन्ही बायकांनी सांगितलेल्यांपैकी एकाशीही जुळत नव्हता. मी म्हणालो, त्यांनी चुकीचे पाहिले असतील.

एक गोष्ट मात्र मी शिस्तीत केली. मुलाला आत आणताना त्याच्या डोक्यावरून टॉवेल टाकायला लावला आणि बाईंना मागच्या दारानं घरी पाठवलं. ओळखपरेड घ्यायची तर साक्षीदारानं संशयिताला आधी पाहता कामा नये. तो टॉवेल टाकला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चौकशीत मुलगा एकाच प्रश्नाला अडायचा. आळीत कशाला आलास? उत्तर नाही. दरडावून पाहिलं, समजावून पाहिलं. त्याचा मोठा भाऊ रोज एसटीनं रोह्याहून यायचा आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहायचा. "साहेब, पुडच्या महिन्यात कंपनीत परमनंट व्हनार व्हता तो," एवढंच म्हणायचा. बाहेर आळीतली माणसं चौकशीला यायची: साहेब, आरोपपत्र कधी? अलिबागच्या बैठकीला आठवडा राहिला होता. खरं सांगतो, तो मुलगा दोषी असता तर माझी फार सोय झाली असती.

तहसील कार्यालयाच्या मागच्या खोलीत ओळखपरेड झाली. नायब तहसीलदारांनी साधारण एकाच वयाची, एकाच बांध्याची सात माणसं उभी केली. चोरानं रुमाल बांधला होता म्हणून सातही जणांच्या तोंडावर सारखे रुमाल. परेडच्या वेळी पोलिसांनी आत थांबायचं नसतं. मी बाहेर चिंचेखाली उभा होतो. आजींनी कोणालाच ओळखलं नाही. शिक्षिका बाईंनी बराच वेळ घेऊन चौथ्यावर बोट ठेवलं, "हा वाटतो." चौथा म्हणजे आमचा मुलगा. मग जोह्याच्या बाई आत गेल्या.

नायब तहसीलदार बाहेर आले तेव्हा कपाळाचा घाम पुसत होते. "अशी परेड मी आजवर घेतली नाही," ते म्हणाले. बाई प्रत्येकासमोर श्वास रोखून दोन क्षण थांबल्या, चौथ्यासमोर जरा जास्त. मग म्हणाल्या, "ह्यात तो नाय. लिवून घ्या." नायब तहसीलदारांनी विचारलं, रुमालामुळे ओळखू येत नसेल का? त्यावर बाईंचं उत्तर त्यांनी कागदावर जसंच्या तसं उतरवलं होतं: "साहेब, आमच्याकडं चेरा साच्यातून निगतो. शंबर मूर्ती, शंबर चेरे सारके. डोले आखले का मग एकेक येगला व्हतो. रुमाल बांदलात म्हंजे तुमी साचाच केलात. मना काय अडचन?"

मी ते वाक्य दोनदा वाचलं. साक्षीपुराव्यावर मी पुस्तकं वाचली होती, प्रशिक्षणात व्याख्यानं ऐकली होती. असं काही मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना पुन्हा बोलावलं आणि विचारलं, त्याचे डोळे कसे होते ते सांगता येईल का. "सांगू कशाला, काडतेच," त्या म्हणाल्या. टोकाची पेन्सिल मिळेना. त्यांनी पिशवीतून स्वतःचा बारीक कुंचला काढला, शिक्क्याच्या पॅडची शाई चहाच्या बशीत पाण्याचा थेंब घालून पातळ केली, आणि एका जुन्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डोळे काढायला घेतले. खोलीत आम्ही चौघे पोलीस होतो. कोणी हललं नाही. कुंचला एकदा टेकला की उचलायचा नाही, असा त्यांचा हात चालत होता. दोन मिनिटांत कागदावर जांभळ्या शाईचे दोन डोळे होते, आणि ते आमच्याकडे बघत होते. उजव्या डोळ्याची वरची पापणी अर्ध्यावर उतरलेली होती, मधोमध नाही, नाकाच्या बाजूनं.

"आमच्याकडं आसा डोला झाला तर पुसून परत काडाया लागतो," बाई म्हणाल्या. "म्हनून ध्यानात र्‍हायला."

त्या संध्याकाळी मी मुलाला समोर बसवलं, हवालदाराला बाहेर पाठवलं आणि चहा मागवला. "तू चोर नाहीस हे मला जवळजवळ पटलंय," मी म्हणालो. "आता आळीत का आलास तेवढं सांग."

त्यानं कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. त्या आळीतल्या एका मुलीचं स्थळ त्याला सांगून आलं होतं. पुढच्या रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला होता. फोटो पाहिला होता, पण याला धीर निघेना, म्हणून आधीच घरावरून फेऱ्या मारत होता. मुलगी दिसली नाहीच. गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसले आणि मग लोकांचे हात.

"अरे, मग बोलायचं नाही का? तुरुंगात गेला असतास."

"साहेब, चोरीचं खोटं हाय, ते कदी ना कदी सुटंल," तो म्हणाला. "पन हे खरं हाय. हे तिच्या घरी कललं तर काय वाटंल त्यांना?"

मला हसू आलं. मुलगी बघायला येऊन कोठडीत पोचलेला तो माणूस मुलीच्या घरच्यांना काय वाटेल याची काळजी करत होता.

त्याचं सांगणं पडताळायला मी रोह्याला गेलो. तिथं मी पूर्वी फौजदार होतो. स्टँडजवळच्या एका चहावाल्याकडून मला अधूनमधून खबर मिळत असे. मुलाबद्दल त्यानं चांगलंच सांगितलं. निघताना सहज म्हणून मी घडी केलेला तो कागद त्याच्यासमोर उलगडला. त्यानं किटली खाली ठेवली.

"साहेब, हा तर आपला नंबरप्लेटवाला! धाटावच्या फाट्यावर टपरी हाय त्याची. एक डोला कायम झोपलेला. फोटो कुनी काडला ह्याचा?"

नंबरप्लेटवाला हा शब्द कानावर पडला आणि तिन्ही तक्रारी माझ्या डोळ्यांसमोर आल्या. तीन बायका, तीन नंबर. मी त्यांना घाबरट ठरवलं होतं. तिघींनीही खरंच सांगितलं होतं. गडी दर वेळी नवी प्लेट लावून पेणला येत होता.

पंच घेऊन टपरीची झडती घेतली. काळी मोटारसायकल मागेच उभी होती. फळीखाली जुन्या प्लेटांचा गठ्ठा निघाला. त्यातले तीन नंबर आमच्या कागदांवरच्या नंबरांशी आकड्याला आकडा जुळले. आजींनी सांगितलेलासुद्धा, ज्यांची तक्रार आम्ही 'गहाळ' करून टाकली होती. काळा रंग वाळून गेलेल्या एका डब्यात दोन मंगळसूत्रं आणि आजींची पोत सापडली. पंचनामा लिहिताना माझ्या हवालदारानं आजींचा नंबर दोनदा ताडून पाहिला. "साहेब, म्हातारीला चष्मा पण नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तो माणूस चौकशीत निर्विकार होता. डबा कोणी ठेवला माहीत नाही, प्लेटा गिऱ्हाइकांच्या. मी वाद घातला नाही. जांभळ्या शाईचा कागद त्याच्यासमोर ठेवला. तो बघत राहिला आणि त्याचा हात हळूहळू उजव्या पापणीकडे गेला. "रुमाल तर बांधलेला," एवढंच तो पुटपुटला. पुढचं सगळं त्यानं स्वतःहून सांगितलं.

मुलाला सोडण्याचा अहवाल कोर्टात पाठवला, तो सुटला. कंपनीला मी स्वतः पत्र दिलं. आजींच्या चोरीचा गुन्हा रीतसर दाखल करून घेतला. अलिबागच्या बैठकीत त्या वेळी माझा आकडा वाढलेला होता आणि मी मान खाली घालून बसलो नाही.

पण मुलाचं खरं नुकसान कोर्टात भरून निघणारं नव्हतं. बघण्याचा कार्यक्रम मोडला होता. मी गणवेशात त्या आळीतल्या घरी गेलो आणि मुलीच्या वडिलांना सांगितलं, मुलगा निर्दोष आहे. ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असंल साहेब. पण पोलिसांनी धरला म्हंजे कायतरी असंलच ना?" पोलिसांचा शब्द एवढाच भरवशाचा होता, आणि तो तसा आम्हीच करून ठेवला होता.

दोन दिवसांनी मी जोह्याहून बाईंना जीपमध्ये घेऊन परत त्या घरी गेलो. पेणमध्ये आखणी करणाऱ्या हाताची ओळख सगळ्यांना असते. बाई ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दादा, परेडीत त्याच्यासमोर मी सगल्यात जास्त येल उभी व्हते. एवडा मार खाल्लेला पोर, पन डोल्यात राग नव्हता, कपट नव्हतं. नजर सरल. मी एवडी वर्सं डोलं आखते. असा डोला मना काडाया मिलाला तर मी त्या दिवशी दुसरं काम नाय करायची." मग आतल्या दाराकडे बघून त्यांनी हाक दिली, "ऐकलास का गो? दे व्हकार."

आतून बांगड्या वाजल्या. मार्गशीर्षात त्या लग्नाची पत्रिका ठाण्यावर आली.

परतताना जीपमध्ये मी बाईंना गमतीनं विचारलं, "आणि माझ्या डोळ्यांत काय दिसलं तुम्हाला?"

त्या खळखळून हसल्या. "तुमचं डोलं मी बगितलंच कुटं साहेब? तक्रार दिली तवा तुमी मान खाली घालून लिवत व्हतात."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणीही तक्रार घेऊन आलं की मी आधी लेखणी खाली ठेवत असे आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडे बघत असे. लिहिणं नंतर.