मुंजाजी मापाड्याने नात तोलली

सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मुंजाजी मापाड्याचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग मान डोलावतात. हसतात ते त्याच्या आवाजाला. पोतं काट्यावर चढलं की हा वजन असं पुकारतो, की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही कळावं. मान डोलावतात ती त्याच्या सचोटीला. व्यापारी असो की कास्तकार, काट्यापाशी मुंजाजी कुणाचा सोयरा नाही. भरल्या पोत्याच्या वजनातून रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा करायचं आणि उरेल तेच पुकारायचं. हमाल होता तो मापाडी झाला, तो या एका नियमावर.

बायको गेल्यावर त्याने एकट्याने लेकीला, निकिताला, बी.कॉम. केलं आणि राणीसावरगावच्या शिवप्रसादशी तिचं लग्न लावून दिलं. तिला दिवस राहिले तेव्हा तिच्या सासूने, धुरपदाबाईंनी, फोनवर सरळच सांगितलं, "इवाई, तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई. बाळंतपण आमी करतो."

"पहिलं बाळंतपण माहेरचं, ईनबाई. तिची माय न्हाई, पण माहेर हाय की."

"बरं. मग बारशाला येते. लेकराची आबाळ दिसली तर मायलेकरांना उचलून आणीन, आधीच सांगते."

फोन स्पीकरवर होता. निकिताने शब्दन् शब्द ऐकला. सासू वाईट नव्हती. पण तिकडे माणसांचा राबता, कुणीही येऊन लेकराला मध चाटवावा, कुणीही डोळ्यांत काजळ घालावं, आणि नव्या सुनेने कुणाकुणाला नको म्हणावं? सेलूलाच ती बाळंत झाली, मुलगी झाली. इथे तिला रडावंसं वाटलं तर रडता येत होतं. दादा, म्हणजे तिचा बाप, कारण विचारत नसे, नुसती हळिवाची खीर पुढे ठेवत असे.

खीर बऱ्याचदा करपलेली असे. डिंकाच्या लाडवांचा पहिला घाणा तर पाक पुढे गेल्यामुळे असा झाला, की लेकराला न्हाऊ घालायला येणाऱ्या शेजारच्या मालनबाईने एक लाडू उंबऱ्यावर आपटून पाहिला. लाडू शाबूत राहिला. दुसरा घाणा मात्र जमला, आणि मुंजाजीने तो अख्ख्या गल्लीला चाखवला. थंडीचे दिवस होते. तो पहाटे पाणी तापवी, लंगोट धुई आणि भर रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घाली. मोंढ्यातले हमाल जाता-येता विचारत, "मापाडी, आज लंगोटाची आवक कशी हाय?"

"आवक लय हाय," मुंजाजी ओरडून सांगे. "भाव तेवढा न्हाई!"

आरोग्य केंद्राच्या आशा कार्यकर्त्या राजेश्रीताई लेकराला पाहायला आल्या, तेव्हा तीच दोरी बघून हसल्या. "अंगावर पिते, पिऊन झोपते, लंगोट ओले करते. पोरगी मस्त आहे, निकिता." निकिताने मान हलवली. ताई कोपऱ्यावरून वळल्या नसतील, तोवर तिने मोबाइल उघडून लेकराच्या दुधाविषयी पुन्हा काहीतरी वाचलं आणि पुन्हा घाबरली.

खरा घोळ झाला तो काट्याने. दवाखान्यात लेकराचं जन्मवजन तीन किलोला थोडं कमी भरलं होतं. मुंजाजीला ते मान्यच नव्हतं. "माझी नात तीनच्या आत? त्यांचा काटा तपासून घ्या म्हणावं." घरी आल्या दिवशीच त्याने धान्याचे नमुने तोलायचा आपला टांगता काटा पाळण्याच्या हुकाला अडकवला, झोळी केली, मालनबाईने खालून हात धरले, आणि त्याने मोंढ्यातल्यासारखं पुकारलं, "पावणेचार!" नात दचकून रडली. मालनबाईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

बारशाच्या आदल्या दुपारी, लेकराला तेल लावून उन्हात न्हाऊ घातल्यावर, त्याला पुन्हा हुक्की आली. ईनबाई यायच्या आत ताजा आकडा हवा होता. पातळ पंच्याची झोळी झाली. काटा स्थिर झाला. आणि मुंजाजी गप्प राहिला.

आपला बाप काट्यापुढे गप्प राहिलेला निकिताने जन्मात पाहिला नव्हता. "दादा, किती?"

"तीन," तो अगदी हळू म्हणाला. "वर किंचित."

"पाऊण किलो घटली?"

"दूध पुरंना वाटतं," मालनबाई पुटपुटली. "पावडरचा डबा आणावा का?"

निकिताच्या डोळ्यांना धारा लागल्या. म्हणजे ही पोर रोज आपल्या कुशीत उपाशी निजत होती, आणि आपण तिचे गाल बघून खूश होत होतो. मुंजाजी उंबऱ्यावर बसला. "ईनबाईचं खरं व्हतं, माय. मला दाणे कळतात, लेकरू न्हाई कळत. उद्या बारसं झालं की तू जा त्यांच्यासंगं."

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. धुरपदाबाई दोन एसट्या बदलून आल्या होत्या. काखेत पिशवी, पिशवीत बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, हातपाय धुतले, लेकरू मांडीवर घेतलं आणि मगच विचारलं, "कोण गेलं?"

मुंजाजीने खाली मान घालून तूट सांगितली. धुरपदाबाईंनी लेकराची मांडी चिमटीत धरून पाहिली. लेकराने तेवढ्यात त्यांचं लुगडं ओलं केलं.

"इवाई, आज कशात तोललं?"

"पंच्यात."

"आन त्या दिवशी?"

"थंडी लय व्हती. गोधडीत. वरून स्वेटर, कुंची, दुपटं…" मुंजाजी बोलता बोलता थांबला. त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"बारदान वजा केलं व्हतं का?"

मुंजाजीने कपाळावर हात मारून घेतला.

"सोयरीक व्हायच्या आधी मी सोयाबीन घेऊन तुमच्या काट्यावर आल्ते," धुरपदाबाई निकिताकडे वळून म्हणाल्या. "ह्या माणसानं माझ्या फाटक्या पोत्याचं सुदिक बारदान कापलं. लय भांडले मी. आन सवताच्या नातीला गोधडीसकट तोलतो!"

निकिता उठली. तिने गोधडी, स्वेटर, कुंची, दुपटं सगळं गोळा करून काट्याला लावलं. पाऊण किलोच्या वर भरलं. म्हणजे दवाखान्याचा काटा बरोबर होता, आणि पोर घटली नव्हती, वाढली होती. ती रडता रडता इतकी हसली, की टाके दुखायला लागले. मालनबाईने पावडरच्या डब्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारसं दणक्यात झालं. संध्याकाळी धुरपदाबाईंनी पिशवी भरायला घेतली, तसा मुंजाजी लेकीच्या कपड्यांची घडी घालू लागला.

"ते कशाला? राहू द्या तिला," धुरपदाबाई म्हणाल्या. "दोरी बघितली मी येतानाच. इतके पांढरे लंगोट माझ्या घरात कुणी धुयाचं न्हाई. सव्वा महिना होऊ द्या." मग त्यांनी हात वर करून हुकाचा काटा काढला आणि पिशवीत लाडवांच्या डब्यावर ठेवला. "ह्यो मात्र मी नेते."

मुंजाजी त्यांना एसटीत बसवून आला. घरी येऊन त्याने लेकराचं अंग पुसायच्या पाण्यात कोपर बुडवून ऊब पाहिली, हात धुतले आणि नातीला उचललं. दोन्ही तळव्यांवर जरा झुलवलं. तोंड उघडलं.

"दादा!" निकिता आतून ओरडली.

"काय न्हाई, माय," मुंजाजी म्हणाला. "नुसतं घेतलंय."